ताईला विचारा : "माणसं कुठून आणू?"

या खेपेला मेसेज वाचत बसले तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली, निम्म्याहून जास्त मेसेज रात्री अकराच्या पुढचे. म्हणजे घरातलं आजारी माणूस झोपलं, लेकरू झोपलं, भांडी झाली, मग मोबाइल हातात घेतलेला. दिवसभर घरात माणूस आहे पण बोलायला कुणी नाही, असं सगळ्यांचंच. त्यातले चार इथं घेतलेत. नाव छापू नका असं सगळ्यांनी लिहिलंय म्हणून तालुका-जिल्ह्यापुरतंच ठेवलंय.

प्रश्न : ताई नमस्कार. मी औसा तालुक्यातली, सध्या लातुरात फ्लॅटमध्ये राहते. मुलगा सात वर्षांचा आहे, त्याला ऑटिझम आहे. मिस्टर पुण्याला कंपनीत, महिन्यातून दोनदा येतात. सासूबाई वाईट नाहीत पण पाहुणे आले की म्हणतात त्याला आतल्या खोलीत ने. पहिले मी बहिणीकडं, जाऊबाईकडं जायची, पण मिक्सर लावला की हा कानावर हात धरून ओरडतो आणि सगळे माझ्याकडं बघतात, मग मीच जायचं बंद केलं. मागच्या येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येला, सगळे शेतात गेले, मी आणि पोरगं घरी. सासूबाईंनी डब्यात भज्जी आणून दिली, ती खाताना रडू आवरंना. बिल्डिंगमधल्या बायकांचं सगळं बोलणं डॉक्टरकीची नीट परीक्षा, ट्यूशन आणि मार्क, त्यांच्यात मी काय बोलू? डॉक्टर, थेरपी सगळं चालू आहे, त्याचं विचारत नाहीये. मला एवढंच सांगा, माणसं कुठून आणू?

ताई : बाई, आधी त्या भज्जीचं बोलू. येळवस म्हणजे आपल्याकडं सगळं लातूर रिकामं होतं, बाजार बंद, ज्याला गुंठाभर रान नाही त्यालाही कुणीतरी आपल्या शेतात जेवायला बोलावतंच. आणि तू त्या दिवशी कुलूपबंद! खरं सांगू का, तुझ्या लेकरासाठी त्याच्यासारखी दुसरी जागा नाही. मिक्सर नाही, भिंती नाहीत, ओरडला तरी आवाज रानात जातो. गर्दी दुपारी होते, तर तू सकाळी लवकर जा, कोप बांधून झालेली असते, कडब्याच्या त्या सावलीत त्याला बसू दे, हात लावून बघू दे, लोकं यायच्या आत जागा त्याच्या ओळखीची होईल. बाराला त्याला नको झालं तर उंडे-भज्जी बांधून घे आणि ये परत. पूर्ण दिवस थांबायलाच पाहिजे असं कुणी सांगितलंय?

आता माणसांचं. तुझ्या बहिणीनं, जावेनं तुला मुद्दाम तोडलं असं मला वाटत नाही. तू जायचं बंद केलंस तेव्हा त्यांनाही आतून हायसं वाटलं असणार, कारण त्या वेळी काय करायचं हे त्यांना येत नव्हतं. न येणं वेगळं आणि नको असणं वेगळं. पण असं दोन-तीन वर्षं चाललं की दोन्ही एकसारखंच दिसायला लागतं.

मी अंगणवाडीच्या कामात जन्म घालवला. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर किल्लारी, सास्तूरकडं माझं जाणं-येणं असायचं. पुढं तिथं नवी गावं बसली, पक्की घरं, रुंद रस्ते, दोन घरांत भरपूर अंतर. बायका म्हणायच्या, ताई घर झ्याक आहे पण शेजार गेला. जुन्या गावात भिंतीला भिंत, माळवदावरून हाक मारली की चार घरं ऐकायची. आणि दुसरं आठवतं ते 2016 चं. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते वर्ष. टँकरच्या लाइनीत घागरी लावून आम्ही तास-तास उभ्या, शिव्या देत, आणि त्या उन्हाळ्यात मला गल्लीतल्या प्रत्येक घरातलं दुखणं माहीत होतं. टँकर गेला, ते बोलणंही गेलं. (टँकर परत यावा असं म्हणत नाहीये बरं का.) सांगायचं एवढंच की शेजार हा काही माणसं चांगली असल्यामुळं होत नाही, रोजच्या एखाद्या कामात दोघींची गाठ पडते म्हणून होतो. तुझी कुणाशी गाठच पडंना, तर बोलणं कुठून होणार.

म्हणून मी तुला मदत माग असं सांगणार नाही, सावड कर म्हणते. तुझ्या आजोबाला विचार सावड म्हणजे काय. ज्याच्याकडं एकच बैल तो दुसऱ्या एकबैल्याला गाठायचा, दोघांचे बैल एका औताला, आज तुझं रान उद्या माझं. कुणाचे कुणावर उपकार नाहीत, हिशोब चोख, म्हणून वर्षानुवर्षं टिकायचं. मदत मागायला जीभ उचलत नाही, सावडीला लाज कसली.

माझंच सांगते. माझ्या सासूबाईंना शेवटची सहा वर्षं कुणाची ओळख राहिली नव्हती. रात्री दोनला उठून म्हणायच्या मला माझ्या घरी सोडा, आणि बसलेल्या असायच्या त्याच घरात जिथं पन्नास वर्षं काढली. मी तेव्हा नुकतीच रिटायर झालेली, दिवस-रात्र त्यांच्यापाशी, सगळ्यांवर चिडचिड. समोरच्या घरात एक शिक्षिका राहायच्या, सकाळची शाळा आणि पोरगी दीड वर्षाची. मी त्यांची पोरगी सकाळी सांभाळायची, आणि त्या संध्याकाळी पाच ते सात सासूबाईंपाशी बसायच्या, शेंगा फोडत. सासूबाई त्यांना आपली वारलेली बहीण समजायच्या, सोने म्हणून हाक मारायच्या, त्याही ओ द्यायच्या. त्या दोन तासांत मी काय करायची? काही नाही. गंजगोलाईच्या बाजारात एक चक्कर, जगदंबेच्या देवळाच्या पायरीवर बसून दहा रुपयांचे फुटाणे. पण घरी येताना सासूबाईंवर राग नसायचा.

तू तुझ्या बिल्डिंगमध्ये एकच घर बघ. एकच. ट्यूशनवाल्या बायकांना नावं ठेवू नको, लातुरात त्यातल्या किती तरी जणी नीटच्या पोरासाठी नवरा-सासर सोडून भाड्याच्या खोलीत दोन दोन वर्षं काढायलेत, त्या काय सुखात आहेत? पोरगं बारा तास क्लासला, ही एकटी खोलीत कुकरची शिट्टी मोजत. तिला म्हण, तुमच्या पोराचा संध्याकाळचा डबा बुधवारी मी देते, तुम्ही बुधवारी पाच ते सहा माझ्या घरी येऊन बसा, पोरगं ठोकळे लावत बसतं, फक्त मिक्सर लावू नका आणि त्याला एकदम हात धरून ओढू नका. वार ठरलेला, वेळ ठरलेली, काम ठरलेलं. पहिल्या दोन बुधवारी तू घरातच थांब, तिसऱ्या बुधवारी खाली जाऊन ये.

दुसरं, तुझ्यासारख्याच आया. त्या आहेत, तुला दिसत नाहीत कारण त्याही आतल्या खोलीत आहेत. तालुक्याला शिक्षण खात्याचं गट साधन केंद्र असतं, तिथं समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात, अशा लेकरांची नोंद त्यांच्याकडं असते. ते दुसऱ्याचा नंबर देणार नाहीत, देऊही नये, पण 'माझा नंबर त्या आयांना द्या' असं चिठ्ठीवर लिहून दिलंस तर नक्की पोचवतील. थेरपी सेंटरच्या बाकड्यावर सगळ्या मोबाइलमध्ये तोंड घालून बसतात, तिथं पहिला शब्द तू बोल. आणि दिव्यांग प्रमाणपत्राचं, यूडीआयडी म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचं काम झालं नसेल तर सरकारी दवाखान्यात डॉक्टरांच्या बोर्डाच्या दिवशी जा, 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे. ती लाइन लांब असते, कंटाळवाणी असते, आणि अख्ख्या जिल्ह्यातल्या आया तिथं एका जागी सापडतात. तिथंच निरामय विम्याचंही विचार, केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची योजना आहे, वर्षाला 1 लाखापर्यंत खर्च मिळतो आणि थेरपीही त्यात धरतात. कितीतरी जणींना ही गोष्ट सरकारकडून नाही, लाइनीतल्या बाईकडून कळलीये.

फक्त माझ्यासारखं करू नको. मी एकदा उत्साहात हॉल घेतला, मोठा बॅनर छापला, 'दिव्यांग पालक मेळावा', 40 जणांचे पोहे. आले किती? पाच. त्यातले दोन पोहेवाल्याची माणसं. रात्री गल्लीभर पोहे वाटले आणि मग डोक्यात उजेड पडला, ज्यांना घरातून निघता येत नाही त्यांनाच मी हॉलवर बोलावलं होतं, लेकरू कुणापाशी ठेवून येणार होत्या त्या? आणि त्या बॅनरखाली उभं राहून फोटो कोण काढून घेईल. नंतर एकीच्या घरी रविवारी दहा ते अकरा, लेकरं सोबत, चहा जिच्या घरी तिचा, असं केलं. तिघी होतो. वर्षानं अकरा झालो, त्याच्यापुढं वाढवलं नाही, दुसरा गट काढला.

व्हॉट्सॲप ग्रुप काढलात तर गुड मॉर्निंग बंद, अमक्या गावच्या बाबाचं औषध बंद, आणि भिशी तर अजिबात नको. पैसा आला की सावडीचं भांडण होतं, हे मी बचत गटात डोळ्यांनी बघितलंय. आमच्यात एक नियम होता, जिचा दोन दिवस काहीच मेसेज नाही तिच्या दारात एकीनं जाऊन यायचं. फोन नाही, दारात.

सासूबाईंना 'आत ने' म्हणायची सवय लागली कारण पाहुण्यांना काय सांगावं ते त्यांना सुचत नाही. त्यांना एक वाक्य पाठ करून दे, 'आमच्या बाळाला आवाजाचा तरास होतो, जरा हळू बोला.' म्हाताऱ्या माणसाला पाहुण्याला दटावायला आवडतं, बघ कशा म्हणतील ते. आणि मिस्टर महिन्यातून दोनदा येतात ना, तर त्यातल्या एका रविवारी पोराला घेऊन तीन तास ते एकटे बाहेर, तू सोबत जायचं नाही. पोरगं ओरडलं तर ओरडलं, बापालाही कळू दे.

प्रश्न : ताई, मी परभणीचा, वय 46. हा कॉलम बायकांचा आहे तरी लिहायलो. आईला लकवा मारून दोन वर्षं झाली, डावी बाजू गेली. बायको नर्स आहे, नोकरी दुसऱ्या तालुक्यात, तिच्या पगारावर घर चालतं म्हणून मी मोबाइलचं दुकान बंद केलं आणि आईचं बघायलो. कट्ट्यावरचे दोस्त म्हणले काय राव नर्सिंगचा कोर्स केला का, तेव्हापासून गेलोच नाही. आईला आंघोळ घालताना तिलाबी लाज वाटते, ती डोळे मिटून घेते. बहीण जिंतूरला आहे, रोज फोन करून सांगते आईला हे खाऊ घाल ते खाऊ घाल. कधी कधी वाटतं आता बास झालं सगळं. कुणाला सांगणार.

ताई : दादा, तुमचं शेवटून दुसरं वाक्य मी तीनदा वाचलं, आणि म्हणून हे छापायच्या आधी तुम्हाला फोन केला. आपलं बोलणं झालंय ते झालंय, पण वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या मनात तसं येत असेल तर त्यांच्यासाठी इथं लिहिते : 14416, टेलिमानस, सरकारी आहे, फुकट आहे, रात्री तीनलाही उचलतात आणि मराठीत बोलतात. आणि घरातल्या एका तरी माणसाला हेच शब्द तसेच्या तसे सांगायचे. तुम्ही बायकोला सांगितलं नव्हतं, कारण ती आधीच दमून येते. अहो ती नर्स आहे, तिला सगळ्यात आधी कळेल.

आंघोळीचं. आई डोळे मिटते ते तुमच्यावर रागावून नाही. रोज पूर्ण आंघोळ घालायची काही गरज नाही. आठवड्यातून दोनदा एखादी बाई बोलवा, पैसे देऊन, गल्लीतल्या आरोग्य खात्याच्या आशाताईला विचारलंत तर ती कुणाचं तरी नाव सांगेल. बाकीच्या दिवशी गरम पाण्याच्या फडक्यानं पुसायचं, अंगावर चादर ठेवून, जेवढं पुसायचं तेवढंच उघडं. आणि करायच्या आधी बोलायचं, 'माय, आता पाठ पुसतो.' दर दोन तासाला कूस बदलायचं तुम्ही करतच असाल, पाठीला जखमा नाहीत असं फोनवर म्हणालात म्हणजे तुम्ही काम चांगलं करायलात. कोर्स केलेल्यांनाही ते जमत नाही, सांगा तुमच्या दोस्तांना.

दोस्तांचं म्हणाल तर कट्ट्यावर तुम्ही जाऊ शकत नाही, मग कट्टा ओसरीवर आणा. सगळ्यांना नका बोलावू. त्यातला जो सगळ्यात कमी बोलतो ना, त्याला एकट्याला फोन करा, 'रविवारी मॅच बघायला ये, आईमुळं मला निघता येत नाही.' येतो की नाही बघा. चेष्टा करणारा गडी बहुतेक वेळा घाबरलेला असतो, त्याच्या घरातपण म्हातारी आहे आणि हे आपल्यावर आलं तर काय करायचं हे त्याला माहिती नाही. मॅचचा आवाज आईच्या कानावर पडेल, घरात माणसं आहेत एवढं तिला कळेल.

आणि ताईसाहेबांना, म्हणजे तुमच्या बहिणीला, पुढच्या फोनवर म्हणा, 'आक्का, सल्ला नको, दिवस दे.' दोन महिन्यातून आठ दिवस तिनं येऊन राहायचं. येता येत नसेल तर आंघोळीच्या बाईचे पैसे तिचे. जिंतूर ते परभणी काय सातासमुद्रापार नाही, एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे मार्च 2023 पासून. त्या आठ दिवसांत तुम्ही दुकानाचं शटर उघडा, गिऱ्हाईक येवो न येवो. म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत काही अडलं, पेन्शनचं असो का कायद्याचं, तर 14567 ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे, दिवसा लावा.

प्रश्न : मी धारूर तालुक्यातला शिक्षक. शाळेतल्या एका विद्यार्थ्याची आज्जी लिहायला लावतेय म्हणून लिहितो. दिवाळी झाली की लेक-सून कोयता घेऊन ऊसतोडीला कारखान्याला जातात, आज्जीपाशी चार नातवंडं. वस्ती निम्मी रिकामी होते. आज्जी म्हणते, दिवस जातो हो, रात्र जात नाही, लेकराला ताप आला तर मी कुणाच्या नावानं ओरडू?

ताई : सर, आज्जीनं प्रश्नातच उत्तर दिलंय, तिला करमत नाही ही अडचण नाही, रात्रीची भीती आहे. तर आधी रात्रीचं बघा. वस्तीवर मागं कोण उरतं, कुणाकडं गाडी आहे, कुणाचा फोन चालू असतो, आशाताईचा नंबर, ॲम्ब्युलन्सचा 108, हे सगळं मोठ्या अक्षरात एका पुठ्ठ्यावर लिहून आज्जीच्या दारामागं लावा. तिला वाचता येत नसंल तर नातवाला येतं. वस्तीवर अशा पाच-सहा म्हाताऱ्या असतीलच, त्यांनी एकाच घरात निजावं, लेकरं घेऊन. आमच्या लहानपणी गडीमाणसं रानात राखणीला गेली की बाया अशाच निजायच्या, एकीचा डोळा लागला तर दुसरी जागी.

ऊसतोडीला गेलेल्यांच्या लेकरांसाठीचं हंगामी वसतिगृह तुमच्या शाळेत मंजूर होत असेल तर दसऱ्याच्या आधीच मागे लागा, दिवाळीनंतर कागद हलतो तोवर अर्धा हंगाम सरतो. आणि एक तुमच्याच हातातलं : शनिवारी संध्याकाळी ठरल्या वेळेला शाळेच्या पायरीवर तुमच्या फोनवरून उसाच्या फडावर व्हिडिओ कॉल लावून द्या. आज्जीच्या साध्या फोनवर नुसता आवाज येतो हो. सुनेला लेकराचं तोंड दिसलं की ती चार गोष्टी सांगते, आज्जीवरचं ओझं तेवढंच हलकं.

प्रश्न : ताई, मी नांदेडहून. शेजारच्या वहिनींच्या मिस्टरांना कॅन्सर निघालाय, सहा महिने झाले त्या घराबाहेर दिसत नाहीत. मला जावं वाटतं पण काय बोलावं सुचत नाही म्हणून दारावरून परत येते. काय बोलू?

ताई : काही बोलू नका. 'काही लागलं तर सांगा' तर अजिबात नाही, मी सासूबाईंच्या त्या सहा वर्षांत हे शंभर वेळा ऐकलं आणि एकदाही कुणाला काही सांगितलं नाही. 'देव परीक्षा बघतो' पण नको, आणि आमच्या मावसभावाला पण असंच झालतं ही गोष्ट तर घरीच ठेवून जा. मंगळवारी स्वयंपाक करताना चार भाकरी जास्त टाका, सोबत पिठलं, नाहीतर शेंगदाण्याची चटणी, डबा घेऊन जा, म्हणा जास्तीच्या झाल्या. खोटं आहे हे त्यांनाही कळतं. दहा मिनिटं बसा, मोबाइल पर्समध्ये, त्या बोलल्या तर ऐका, नाही बोलल्या तर भाजी निवडायला घ्या. निघताना डबा मागू नका, तिथंच राहू द्या, म्हणजे न्यायला परत जाता येतं. आपल्याकडं रिकामा डबा कुणी परत देत नाही, त्यात त्यांनी चिमूटभर साखर घालून दिली तर नको-नको करू नका, घ्या.